डिमेन्शिया असलेल्या ज्येष्ठांसाठी गाण्यावरचा व्यायाम: घरी सुरुवात कशी करायची

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू कमी होत जाण्याच्या आजाराचं, निदान झालं की डॉक्टर औषधं लिहून देतात आणि निघता निघता सांगतात, "थोडा व्यायाम करून घ्या, गाणी ऐकवत जा." पुढचं कुणी सांगत नाही. व्यायाम कोणता? गाणी कुठली? आणि माणूस खुर्चीतून उठायलाच तयार नसेल तर? ज्यांच्या घरी आत्ता हे प्रश्न आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे, डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मी त्यांना आई म्हणते, पुढेही तसंच लिहीन. आमच्याकडे गेली काही वर्षं सकाळचा व्यायाम गाण्यावर होतो, आणि आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात अशाच मंडळींच्या गटाला मी मदत करते. मी डॉक्टर नाही, फिजिओही (फिजिओथेरपिस्ट) नाही. जिथे त्यांना विचारायलाच हवं, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. या माणसांना नवा व्यायाम शिकवायला जाऊ नका. त्यांच्या हातापायांना आयुष्यभर जे येत आलं आहे ते हुडका आणि त्याला ओळखीच्या गाण्याचा ठेका द्या.

१. अपेक्षा आधी ठरवून घ्या

भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला आहे. इतकी घरं या वाटेवर आहेत म्हटल्यावर "हे केल्याने स्मरणशक्ती परत येते" असं सांगणारेही भरपूर भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. ब्रिटनमध्ये ४९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दमदार व्यायामाने शरीराची ताकद वाढली, पण स्मृतीची घसरण थांबली नाही. म्हणून जास्त घाम म्हणजे जास्त फायदा हे गणित इथे लावू नका.

मग मिळतं काय? खुर्चीतून स्वतः उठता येणं, संडासापर्यंत चालत जाता येणं, ब्लाउजमध्ये हात घालता येईल इतका खांदा मोकळा राहणं. संगीताच्या उपक्रमांनी उदासी कमी होते, असं अभ्यासांत दिसलं आहे. आणि घरातल्यांना रोज एक अशी वेळ मिळते, जिच्यात आपण आणि ते माणूस एकच गोष्ट बरोबरीने करत असतो. सांभाळणाऱ्याला या वेळेचं मोल फार असतं.

गाणं उपयोगी पडतं त्याला कारण आहे. ओळखीच्या गाण्यांची आठवण मेंदूच्या ज्या भागांशी जोडलेली असते, त्यांतले काही भाग अल्झायमरमध्ये बराच काळ तुलनेने शाबूत राहतात. सवयीच्या हालचालींची आठवणही नावागावांच्या आठवणीपेक्षा उशिरा जाते. शिवाय ठेका पडला की पाऊल कधी टाकायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

२. डॉक्टरांना आधी काय विचारायचं

हे पाऊल वगळू नका. आपल्या माणसाला छातीत दुखतंय की गुडघा, हे नीट सांगता येईलच असं नाही, म्हणून आधीच माहिती हवी. जाताना एका फाइलमध्ये हे न्या:

- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, वेळांसह. झोपेच्या आणि आयुर्वेदिक गोळ्याही लिहा.
- गेल्या महिन्याभरातले बीपी आणि शुगरचे आकडे
- जुने एक्स-रे, हाडांच्या घनतेची तपासणी झाली असल्यास तिचा रिपोर्ट, सांधा बदलल्याचे कागद
- गेल्या वर्षात कुठे, कसं पडणं झालं याची टिपणं

आणि हे प्रश्न विचारून उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या. बीपी किती असेल त्या दिवशी व्यायाम करायचा नाही? हाडं ठिसूळ असल्यास कोणती हालचाल टाळायची? (साधारणपणे झटक्याने पुढे वाकणं आणि कंबर पिळणं टाळायला सांगतात.) खुब्याचा सांधा बदलला असेल तर पायावर पाय टाकणं, खूप बुटक्या खुर्चीवर बसणं चालेल का? डोनेपेझिलसारख्या, या आजारासाठी देतात त्या गोळीने काहींची नाडी मंदावते आणि चक्कर येऊ शकते, तेव्हा ती चालू असेल तर नाडीबद्दल मुद्दाम विचारा.

आजाराचा प्रकारही विचारून ठेवा. लुई बॉडी प्रकारात एक दिवस माणूस तरतरीत असतो आणि दुसऱ्या दिवशी गुंगीत, शिवाय तोल लवकर जातो. अशा घरी ठरलेला कार्यक्रम पुरा करण्याचा हट्ट धरून चालत नाही. जमल्यास फिजिओला एकदा घरी बोलावा. उठताना-बसताना हात कुठे द्यायचा, हे त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावं, व्हिडिओ बघून ते येत नाही.

३. गाणी गोळा करा, घाई न करता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत ऐकलेली गाणी माणसाला सर्वांत घट्ट धरून राहतात. आज ८० वर्षांच्या माणसाचा हिशोब केला तर साधारण १९५५ ते १९७५ हा काळ येतो. रेडिओ सिलोनचा काळ, विविध भारती सुरू झाली (१९५७) तो काळ. पण सगळ्यांच्या घरी रेडिओ नव्हता. अनेकांची खरी गाणी वेगळीच असतात: जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची आणि मंगळागौरीची गाणी, काकडआरती, गणपतीतल्या आरत्या, शाळेतली प्रार्थना, पोवाडे, कोळीगीतं, नाट्यपदं, चर्चमधली गीतं, कव्वाल्या. आणि पाढे! पावकी-निमकी तालात म्हणणाऱ्या पिढीला पाढ्यांवर पाय हलवायला लावून पाहा.

विचारायचं कुणाला? त्यांच्या भावंडांना, जुन्या शेजाऱ्यांना, माहेरच्या माणसांना. मुलांना आईवडिलांच्या तरुणपणच्या आवडी फारशा ठाऊक नसतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. बालपणाची भाषाही विचारा. लग्नानंतर शहरात येऊन प्रमाण मराठी बोलणाऱ्या आजींची पहिली भाषा अहिराणी, मालवणी, कोंकणी किंवा कन्नड असू शकते. आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि पहिली जास्त टिकते, म्हणून तिच्यातली दोन-चार गाणी यादीत हवीतच. परदेशात मुलांकडे राहणारे आईबाबा तिथल्या डे-केअरला जात असतील, तर गाण्यांची फाइल आणि "हे गाणं कशाचं आहे" याच्या दोन ओळी तिथल्या लोकांना लिहून द्या. नाहीतर तिथे सगळ्यांसाठी जे लागतं त्यावर टाळ्या वाजवत बसावं लागतं.

गाणी जमली की ठेक्याप्रमाणे तीन गठ्ठे करा. संथ: मिनिटाला साठेक ठोके, अंग सैल करायला आणि शेवटाला. मध्यम: ऐंशी ते शंभर ठोके, हातापायांच्या हालचालींना. तिसरा गठ्ठा नुसतं डोलण्याचा. केरवा किंवा भजनी ठेका आठ मात्रांचा असल्याने डावा-उजवा पाय उचलायला सोपा जातो. दादऱ्याच्या सहा मात्रांना झोका असतो, त्यावर बसल्या जागी उजवीकडे-डावीकडे झुलणं आपोआप होतं.

इथे फसगत कुठे होते ते सांगते:

- भजनं शेवटाकडे चढत जातात. गाणारा लय वाढवतो आणि आपली मंडळीही त्याच्याबरोबर जोरात सुटतात. उभ्याने चाललेल्या व्यायामात हे धोक्याचं आहे. लय वाढण्याआधी गाणं हळूहळू बारीक करत बंद करा.
- जुन्या गाण्यांना लांब आलाप किंवा वाद्यांची सुरावट असते. तेवढ्या वेळात लक्ष उडतं. जिथे ठेका सुरू होतो तिथूनच गाणं लावा.
- रिमिक्स नको. ओळखीचं गाणं अनोळखी झालं की ही माणसं गोंधळतात.
- यूट्यूबवरून थेट लावलं तर मध्येच जाहिरात किंचाळते आणि घाबरलेल्या माणसाला पुन्हा बसतं करायला बराच वेळ जातो. गाणी पेन ड्राइव्हवर भरून घ्या, किंवा जुनी गाणी भरून मिळणारा रेडिओसारखा स्पीकर आणा. फोनवरूनच लावत असाल तर फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर कॉल आला की गाणं थांबतं.

४. जागा, खुर्ची, कपडे, वेळ

खुर्ची लाकडी, जड, हाताची आणि बिनचाकाची हवी, पाठीमागे भिंत. हलकी प्लास्टिकची खुर्ची उठताना मागे सरकते, ती वापरूच नका. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पाय लोंबकळत असतील तर खाली रुंद, न हलणारा पाट ठेवा.

पायपुसणी, सुटी सतरंजी, वायर उचलून ठेवा. गडद रंगाचा गालिचा किंवा काळी फरशी या आजारात खड्ड्यासारखी दिसू शकते. माणूस त्या जागी अडून बसला तर तो हट्ट समजू नका, जागा बदला. समोर मोठा आरसा असेल तर झाका, स्वतःचंच प्रतिबिंब परकं माणूस वाटून घाबरणारे असतात. टीव्ही बंद. कुकर आणि मिक्सर त्या वेळी नको.

चष्मा आणि कानातलं मशीन लावलंय का ते बघा. साडीचा किंवा गाऊनचा घोळ घोट्याच्या वर असू दे. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल किंवा कापडी बूट. नुसते मोजे घालून फरशीवर उभं करू नका.

वेळ नाश्त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, रोज तीच. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम अजिबात नको, आणि हाताशी साखर ठेवा. तिन्हीसांजेला अनेकांची अस्वस्थता वाढते, "घरी जायचंय" सुरू होतं, तेव्हा व्यायामाचा आग्रह नको. त्या वेळेसाठी संथ गाणी राखून ठेवा.

५. लागणारं सामान

- सुती ओढणी किंवा जुन्या साडीचा लांब पट्टा
- लाटणं
- दोन मोठे रुमाल, एक पिवळा किंवा लाल, नजरेला चटकन दिसेल असा
- हलका, मोठा, हवा भरायचा चेंडू (फुगे नकोत, फुटल्याच्या आवाजाने दचकतात)
- चिपळ्या, खंजिरी किंवा छोटे टाळ
- पाण्याचा ग्लास, नॅपकिन
- वही आणि पेन
- बीपीचं मशीन, घरी असल्यास

डंबेल्स लागत नाहीत. मणी, घुंगरू, धान्य भरलेल्या डब्या असं सुटणारं-सांडणारं काही नको, तोंडात जाऊ शकतं.

६. हातापायांना काय आठवतंय ते शोधा

आईंना फिजिओने रबरी पट्टा दिला होता. त्या तो हातात घेऊन निरखायच्या, सुरकुती काढायच्या, नीट घडी करून मांडीवर ठेवायच्या. ओढायचा असतो हे त्यांना कितीदाही सांगितलं तरी अर्थच लागत नव्हता. मग मी ओढणी खिडकीच्या गजाभोवती घालून दोन टोकं त्यांच्या दोन हातांत दिली आणि ओव्या लावल्या. त्यांनी आधी पदर खोचला. मग एक हात मागे, एक पुढे, एक मागे, एक पुढे, खांद्यातून, पाठ ताठ. ताक घुसळणं चालू झालं होतं. मध्येच थांबून मला म्हणाल्या, "लोणी आलंय का बघ." मी बघितलं आणि अजून थोडं घुसळायला सांगितलं.

त्या दिवसापासून आमचा व्यायाम अशा कामांतूनच होतो. काही हालचाली देते, तुमच्या माणसाच्या आयुष्याप्रमाणे निवडा:

- दळण: समोरासमोर बसा, लाटणं उभं धरा, त्याला दोघींनी हात घालून गोल फिरवा. जात्याला दोघी बसायच्या तसंच. खांदा आणि कोपर दोन्ही फिरतात. थोड्या वेळाने दिशा आणि हात बदला.
- पाणी शेंदणं: हात वर नेऊन, दोर खेचत खाली. खांद्यासाठी उत्तम.
- पाखडणं: रिकामं सूप दोन्ही हातांत. मनगटं आणि कोपरं.
- शिलाई मशीनचं पायडल: टाचा खाली, चवडे वर, मग उलट. पाय सुजणाऱ्यांना विशेष चांगलं. शहरात वाढलेल्या आज्यांना जातं माहीत नसलं तरी मशीन हमखास माहीत असतं.
- वल्हवणं: दोन्ही हात पुढे, मग छातीकडे.
- लेझीम आणि कवायत: शाळेत लेझीम खेळलेले आजोबा हातात नुसतं लाटणं दिलं तरी चार ठेक्यांत पुढे-खाली-बाजूला करतात. "सावधान, विश्राम, एक-दोन-एक" या हुकमांवर बसल्या जागी पाय उचलणं छान होतं.
- वारकऱ्यांची पावली: ज्यांनी दिंडी चाललेली आहे त्यांच्यासाठी. सुरुवात बसूनच, नुसते पाय पुढे-मागे. हातात टाळ.

नोकरीधंदा विसरू नका. विरंगुळा केंद्रात एक निवृत्त एसटी कंडक्टर येतात. हात वर करा म्हटलं की ते मांडीवर घट्ट हात दाबून बसत. "काका, गाडी सुटतेय, डबल बेल द्या" म्हटल्याबरोबर उजवा हात थेट डोक्याच्या वर गेला, दोनदा दोर ओढला. आता गाण्याच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी डबल बेल असते, आणि ती गटातले सगळेच देतात. टपाल खात्यातल्या माणसाचा शिक्का, सुताराची करवत, शिक्षिकेचा फळा पुसणं, हे सगळे व्यायामच आहेत.

मान राखून करा एवढंच. लहान मुलांसारखं "चला चला, टाळ्या टाळ्या" नको. वय झालेल्या माणसाला आपल्याशी कसं बोललं जातंय हे कळतं, शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो.

७. एका दिवसाचा क्रम

पहिला आठवडा फक्त एक गाणं, पाच मिनिटं, बसून. त्यांनी नुसती मान डोलावली तरी पुरे. जमत गेलं की वाढवा, वीस ते तीस मिनिटांपर्यंत. वृद्धांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या हालचालीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे, पण तीही ज्याला जेवढं झेपेल तेवढं असंच सांगते. दिवसातून दहा-दहा मिनिटं दोनदा, हा आमच्या घरी सर्वांत टिकलेला मार्ग.

सुरुवातीचं गाणं रोज एकच ठेवा. ते लागलं की व्यायामाची वेळ झाली, हे काही दिवसांनी शरीरालाच कळू लागतं. त्यावर हात चोळणं, बोटं उघडमीट, खांदे वर-खाली, मान हळू उजवी-डावी (गोल फिरवायची नाही). मग मध्यम लयीची दोन-तीन गाणी: एक हातांच्या कामाचं, एक पायांचं, एक चेंडू किंवा रुमालाचं. प्रत्येक गाण्यानंतर पाण्याचा एक घोट. उभ्याचा व्यायाम करायचा असेल तर इथेच, अंग गरम झाल्यावर. शेवट संथ गाण्यावर, गुणगुणत. ओठ मिटून लांब "म्म्म" करायला सांगा, श्वास आपोआप लांबतो. श्वास रोखून धरायला लावू नका.

त्या गात असतील आणि हात थांबले असतील तर गाऊ द्या.

८. सांगायचं कसं

समोर, डोळ्यांच्या उंचीवर बसा आणि स्वतः करून दाखवा. एका वेळी एकच सूचना, तीही दोन-तीन शब्दांत: "आई, पाय वर." मग थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. सूचना पोचायला वेळ लागतो, आणि आपण त्याच वेळात दुसरं वाक्य बोललो की पहिलं पुसलं जातं. "पाय खाली टाकू नका" ऐवजी "पाय इथे ठेवा" म्हणा आणि जागा हाताने थोपटून दाखवा.

उजवा-डावा चुकला तरी दुरुस्त करू नका. ठेका चुकला तर तुम्हीच त्यांच्या ठेक्यावर या.

"हे गाणं कोणतं सांगा? कुणी गायलंय?" हे कृपा करून विचारू नका. पाहुणे आले की घरातले लोक हौसेने हा खेळ सुरू करतात. उत्तर आलं नाही की चेहरा पडतो आणि मघापर्यंत आनंदाने झुलणारं माणूस मिटून जातं. तुम्हीच सांगा, "तुमच्या आवडीचं गाणं लावलंय."

ब्यूरोतून आलेल्या मावशी सांभाळत असतील तर त्यांनाही पहिले काही दिवस शेजारी बसवून घ्या आणि त्यांची आवडती दोन गाणी यादीत घाला. त्यांनाही रस वाटला, तरच तुमच्या मागे व्यायाम चालू राहतो.

९. उभं राहून करताना

फिजिओने किंवा डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. स्वयंपाकाचा ओटा किंवा खिडकीचे मजबूत गज धरून उभं करा, खुर्ची लगेच मागे असू दे. तुम्ही त्यांच्या शेजारी, ज्या बाजूला तोल जातो त्या बाजूला, किंचित मागे.

उठवताना काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढू नका, त्यांचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातात. क्रम असा: खुर्चीच्या कडेला सरकणं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, हात खुर्चीच्या हातांवर, नाक पुढे पावलांच्या वर, आणि मग गाण्याच्या समेवर "उठा". आम्ही "हर हर महादेव" म्हणतो, त्या जयघोषावर आई स्वतः जोर लावतात. खुर्चीतून उठणं-बसणं हाच मांड्यांचा सर्वांत कामाचा व्यायाम आहे. चार-पाच वेळा झाला तरी दिवस चांगला गेला असं समजा.

उभं राहिल्यावर एक कडवं नुसतं थांबू द्या, उठल्याबरोबर बीपी उतरून भोवळ येऊ शकते. मग टाचा उचलणं, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत झुलणं, बाजूला एक पाऊल आणि परत. गिरकी, फुगडी, मागे चालणं नाही, त्यांनी कितीही उत्साहाने हात पुढे केले तरी. फुगडीसाठी पुढे आलेले हात हातात घ्या आणि बसून डोला.

१०. कधी थांबायचं

छातीत दुखणं, बोलताही येणार नाही अशी धाप, घाम फुटून अंग गार पडणं, चक्कर, ओठ निळसर होणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हात-पाय गळणं: गाणं बंद, बसवा किंवा आडवं करा, १०८ ला फोन. दुखणं तोंडाने सांगितलं जाईलच असं नाही, म्हणून कपाळाच्या आठ्या, दात आवळणं, एखादा सांधा हाताने धरून ठेवणं, अचानक तुमचा हात झटकणं हे बघत राहा.

एक-दोन दिवसांत गोंधळ एकदम वाढला, माणूस ओळखेनासं झालं, झोपाळलेलं राहिलं, तर आजार वाढला असं गृहीत धरू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं यांनीही तसं होतं. व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

११. नको म्हणाले किंवा रडू आलं तर

"नको" म्हणाले तर व्यायाम हा शब्दच काढू नका. शेजारी बसून तुम्ही गाणं लावा आणि तुमचं तुम्ही करत राहा. पुष्कळदा तिसऱ्या ओळीला पायाचा अंगठा हलायला लागतो. नाहीच हलला, तर तो दिवस सोडून द्या.

काही गाणी जखम उघडतात. गेलेल्या यजमानांचं आवडतं गाणं, गमावलेल्या बाळाची आठवण देणारा पाळणा, अंत्ययात्रेत ऐकलेला अभंग. डोळे भरले म्हणून लगेच धावत जाऊन गाणं बंद करायलाच हवं असं नाही. हात धरून बसा, बोलू द्या. पण रडणं थांबत नसेल, भीती किंवा चिडचिड दिसत असेल तर गाणं बदला आणि वहीत लिहा, म्हणजे उद्या घरातलं दुसरं कुणी ते लावणार नाही.

वहीत रोज एवढंच: कोणती गाणी, किती वेळ, काय आवडलं, काय बिनसलं, रात्री झोप कशी लागली. पुढच्या तपासणीला ही वही डॉक्टरांना दाखवा, "बरं चाललंय" या शब्दांपेक्षा तिच्यातून त्यांना जास्त समजतं.

१२. गटात करायचं असेल तर

सोसायटीत, ज्येष्ठ नागरिक संघात किंवा विरंगुळा केंद्रात सुरू करता येतं. सहा ते आठ जण, अर्धगोलात खुर्च्या, पुढे एक जण आणि आधाराला किमान दोघं. प्रत्येकाला नावाने, त्यांना सवय असलेल्या हाकेने बोलवा. घरच्यांकडून लेखी संमती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तातडीचा फोन नंबर घेतल्याशिवाय कुणालाही बसवू नका. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकण्याचा मोह टाळा. त्या माणसाला आता परवानगी देता येत नाही, म्हणून आपणच जपायचं.

आधार हवा असेल तर अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ पासून काम करणारी संस्था आहे, तिच्या शाखांकडे चौकशी करा. ज्येष्ठांसाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन १४५६७ आहे.

१३. आजार वाढल्यावर, अंथरुणातही

खुर्चीत बसवणं बंद झालं म्हणजे गाणं बंद करायचं असं नाही. डोकं उशांनी उंच करा, संथ गाणं अगदी हळू आवाजात लावा, आणि एकेक बोट, मनगट, कोपर, घोटा ठेक्याबरोबर हळुवार हलवा. कसं आणि किती हे फिजिओकडून शिकून घ्या. सांधा जिथे अडतो तिथे थांबायचं, पुढे जोर लावायचा नाही. गाणं एका वेळी दोन-तीनच, मग शांतता. दिवसभर स्पीकर चालू ठेवला तर त्याचाही त्रास होतो आणि ते सांगता येत नाही.

व्यायाम चालू असताना तोंडात पाणी किंवा घास देऊ नका, ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आणि बोटं मिटून मूठ घट्ट होत चालली असेल, तर ओढून उघडू नका. मनगट हलकेच आतल्या बाजूला वाकवलं की बोटं थोडी सैल होतात. तेवढ्यात तळहात पुसून कोरडा करा, मऊ कापडाची छोटी गुंडाळी ठेवा आणि फिजिओला लवकर दाखवा.